उघड्या डोक्याचा फोटो

मला केसांची किळस आहे. जेवणात केस सापडला की सगळ्यांनाच येते, माझी त्याच्या पलीकडची आहे. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला पुंजका, फणीतली गुंतवळ, लेकीने बेसिनच्या काठावर टाकलेला केसांसकटचा रबर, यातलं काहीही दिसलं की मी तोंड फिरवून मागे सरते. कारखान्यात मी दिवसभर ब्रेकच्या चाचण्या घेते, काळ्या भुकटीने हात माखतात, त्याचं मला काही वाटत नाही. नवरा म्हणतो, तुझं सोवळं निवडक आहे. खरं आहे ते.

अशा बाईने जटा राखणाऱ्या माणसांचे फोटो काढायला जाण्याचं काही कारण नव्हतं. पण स्टुटगार्टमध्ये आमचा फोटोग्राफीचा एक फेराइन आहे, म्हणजे रीतसर नोंदणी झालेलं मंडळ, आणि जर्मनीत एकदा फेराइनात नाव घातलं की सुटका नसते. आमची अध्यक्षीण निवृत्त शिक्षिका, उत्साहाने नुसती उतू जाणारी. तिने ठरवलं की या वर्षी जर्मनीत राहणाऱ्या रस्ताफारी लोकांची व्यक्तिचित्रं काढायची आणि त्यांचं प्रदर्शन भरवायचं. जमैका बेटावर उभा राहिलेला हा पंथ. केसांना कात्री लावायची नाही हे त्यांचं व्रत. त्यांची काही माणसं इथे येऊन राहिली, आता म्हातारी होत चालली, तेव्हा त्यांच्या संस्कृतीची नोंद राहायला हवी. उद्देश चांगला होता. उद्देश नेहमी चांगलाच असतो.

बैठकीत पहिला प्रश्न आला तो त्यांचे केस किती लांब असतील हा. दुसरा, गांजा ओढताना फोटो काढू देतील का. तिसरा कुणी विचारलाच नाही. मी "जा, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, असं करत मान डोलावत होते, पण त्या टेबलाभोवतीच्या सगळ्या चेहऱ्यांची मला शिसारी आली होती. आपण या लोकांतल्या नाही, असं तेव्हा मला खात्रीने वाटत होतं.

माझ्या वाट्याला एक सत्तरीचे गृहस्थ आले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तू परदेशी, ते परदेशी, तुमचं जमेल. ते तरुणपणी जमैकाहून आले, आयुष्यभर एका बेकरीत कणीक मळली आणि आता शहराच्या उतारावरच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यात, दिवस काढत होते. स्टेशनातून बाहेर पडून दीडशे पायऱ्या चढायच्या, मग त्यांचं कुंपण. डोक्याला पांढरं कापड घट्ट गुंडाळलेलं, आपल्याकडच्या मुंडाशासारखं, पण उंच आणि नेटकं. केसाचा एक तंतूही बाहेर दिसत नव्हता. मला हायसं वाटलं, हे मी कबूल करते.

रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये म्हणून मी चकल्यांचा डबा नेला होता. त्यांनी विचारलं, यात मीठ आहे का. मी म्हटलं, आहे की. ते मीठ खात नव्हते. मी लगेच ब्लडप्रेशरची चौकशी सुरू केली, माझ्या सासऱ्यांना कोणती गोळी आहे तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, त्यांच्या लोकांत अन्न जसं जमिनीतून येतं तसं खायचं, वरून काही घालायचं नाही. मी डबा पिशवीत परत टाकला. तेवढ्यात माझं लक्ष वाफ्याकडे गेलं. टोमॅटो आणि घेवड्याच्या मध्ये तांदुळजा उभा होता, चांगला गुडघ्याएवढा. बावीस वर्षांत जर्मनीत मी तांदुळजा पाहिला नव्हता. मी खाली बसून पान चुरगळून वास घेतला. त्यांच्याकडे त्याला दुसरं नाव होतं, पण भाजी तीच, लसूण घालून परतायची तीच. जाताना त्यांनी मला जुडी बांधून दिली.

निघताना त्यांनी हात पुढे केला. त्याच हाताने त्यांनी मघाशी मानेवरचं कापड सारखं केलं होतं, हे माझ्या डोळ्यांनी टिपून ठेवलं होतं. हात मिळवला आणि दहा पायऱ्या उतरून पर्समधून सॅनिटायझर काढला. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा चोळला. वर पाहिलं तर ते कुंपणाशी उभे राहून माझ्याकडेच बघत होते.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा टेबलावर एक तसराळं, तांब्यासारख्या भांड्यात पाणी आणि साबणाची नवी वडी ठेवलेली होती. त्यांनी तसराळं माझ्या पुढ्यात सरकवलं. मी हात धुतले. नंतर बागेतली कुंडी दाखवताना म्हणाले, ही कोरफड, दर आठवड्याला केस हिने धुतो. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ही किळस कुठून आली ते मला ठाऊक आहे. मिरजेला माझी आत्या आमच्याकडेच राहायची. पंधराव्या वर्षी तिला टायफॉइड झाला, दोन महिने केसांना फणी लागली नाही, आणि त्याचा गुंता घट्ट होऊन जट झाली. गल्लीतल्या बायकांनी निकाल दिला की देवी अंगावर आली, आता कापायची नाही. पुरुषाच्या डोक्यावर जटा असल्या तर लोक त्याला महाराज म्हणतात. बाईच्या डोक्यावर एक जट आली की तिचं लग्न मोडतं. आत्याचं मोडलं. मग दहा-अकरा वर्षं ती जट वाढली, पाठीवर दोरखंडासारखी. पावसाळ्यात ती वाळायचीच नाही. मी आत्याशेजारी झोपायचे. खोबरेल, हळद, ओल आणि कुजकं असं काहीतरी मिळून तो वास यायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून श्वास रोखायचे. तिला ते कळत असणार.

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. देवीबिवी काही नसतं, हे त्यांनी आत्याला दोन वर्षं समजावलं. तिची मान दुखायची, उवांनी ती हैराण व्हायची. शेवटी ती तयार झाली. एकच म्हणाली, "दादा, फोटो नको." वडील बरं म्हणाले. पण जट कापायच्या दिवशी अंगणात फोटो स्टुडिओवाला आला. कापण्याआधीचा एक, नंतरचा एक. इतर बायकांची भीती जायला उपयोग होईल, असं वडिलांचं म्हणणं. आत्याने तोंडावरून पदर ओढून घेतला. वडिलांनी तो हलकेच, अगदी प्रेमाने, दोन बोटांनी मागे सारला. मी नऊ वर्षांची होते, उंबऱ्यात उभी होते. मला तेव्हा वाटला तो जट जाणार याचा आनंद, एवढाच.

ते फोटो शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लागले, मग गावोगाव फिरले. काही बायका खरोखरच धीर करून पुढे आल्या. वडिलांचं चुकलं नव्हतं, जट कापायलाच हवी होती. पण आत्या नंतर शाळेच्या रस्त्याने बाजारात गेली नाही, लांबून वळसा घालून जायची. घरात कुणी नवीन माणूस आलं की विचारायची, दादा, तो फोटो आता कुठं आहे रे? पुढे मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तिनेच गल्लीभर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "दादाचीच लेक." मला ते आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक वाटलं होतं.

तर बागेतल्या काकांचे फोटो. तिसऱ्या भेटीत प्रकाश छान होता. मी तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावला आणि संमतीपत्र पुढे केलं. जर्मनीत कागदावाचून काही हलत नाही. त्यांनी चष्मा लावून दोन पानं सावकाश वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "त्या दिवशी काढलेली सर्व छायाचित्रं, म्हणजे कोणती?" मी म्हटलं, तुम्ही समोर बसून काढू द्याल ती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कळलं होतं. सही त्यांनी माझ्या शब्दावर केली.

तासभर फोटो काढले. सगळे बरे होते, पासपोर्टवर लावावेत असे. अकराच्या सुमाराला ते उठले, प्रार्थनेची वेळ झाली म्हणाले, हवं तर थांब. त्यांच्यात पुरुषाने प्रार्थना उघड्या डोक्याने करायची असते. एरवी डोकं झाकलेलं. "हे त्याच्यासमोर उघडं करायचं," ते म्हणाले, "लोकांसमोर नाही. कॅमेरा बंद आहे ना?"

मी म्हटलं, "बंद आहे."

बंद नव्हता. उजेड तपासायला मी तो दर पाच सेकंदांनी आपोआप एक फोटो घेईल असा लावला होता, आवाज न करता. चाचण्या घेणाऱ्या माणसाची ती सवय आहे. घाईत विसरले, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. विसरले नव्हते. फोटो उतरताना कॅमेऱ्याच्या मागे एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. मी तिकाटण्याला टेकून उभी राहिले आणि त्या दिव्यावर अंगठा ठेवला.

त्यांनी कापड सोडलं, घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. केस कमरेखाली आले, करडे, टोकाला पांढरे. वास आला तो कोरफडीचा आणि साबणाचा. लाकडी खोपटाच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मला पाहायचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्याकडे पाठ करून झोपायचे, ते एकदा समोरून, निवांत, त्या माणसाचे डोळे मिटलेले असताना पाहायचं होतं. भक्तीने नाही, कलेने तर नाहीच. जत्रेत लोक तंबूच्या फटीला डोळा लावतात ना, तसं. अंगठ्याखाली दिवा लुकलुकत राहिला.

घरी येऊन पाहिलं तर त्यातला एक फोटो खरोखर चांगला होता. आयुष्यात मी काढलेला एकमेव चांगला फोटो. तो पुसून टाकायला एक बटण दाबायचं होतं. मी तो फक्त पाहायला म्हणून फेराइनच्या बैठकीत नेला. फक्त पाहायला, हेही मी स्वतःलाच सांगितलं होतं. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. एख्ट आहे, म्हणाल्या, अस्सल आहे, हाच मुख्य फोटो. मी चाचरत म्हटलं, हा त्यांच्या प्रार्थनेच्या वेळचा आहे, त्यांना कदाचित आवडणार नाही. त्यांनी फाइल उघडून संमतीपत्र काढलं. सही आहे, तारीख आहे, सर्व छायाचित्रं असं लिहिलेलं आहे. "मग अडचण कुठे आहे?" त्यांनी विचारलं, आणि खरंच त्यांना अडचण दिसत नव्हती. कारण त्यांना अर्धीच गोष्ट माहीत होती. उरलेली अर्धी मी सांगितली असती तर तो फोटो तिथेच थांबला असता. मी म्हटलं, "जा, गेनाऊ."

काकांना मी पुढचे दीड महिने फोन केला नाही. प्रदर्शनाचं निमंत्रण फेराइनने सगळ्यांना परस्पर पाठवलं होतं. बागेत पाणी घालायची वेळ असते, ते येणार नाहीत, असं मी धरून चालले होते.

प्रदर्शन एका जुन्या गोदामात होतं. तो फोटो दारासमोरच, माणसाएवढ्या उंचीचा. लोक हातात वाइनचे ग्लास घेऊन त्याच्यासमोर उभे राहात होते. एकाने नाक फोटोजवळ नेऊन हुंगल्यासारखं केलं आणि त्याची बायको हसली. कुणी विचारलं, यांच्यात किडे होत नसतील का. एक तरुणी फोटोशेजारी आपले केस मोकळे सोडून स्वतःचा फोटो काढून घेत होती. एका चांगल्या कपड्यांतल्या माणसाने माझं अभिनंदन केलं आणि विचारलं, धुराचा एखादा का नाही. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. आणि मी प्रत्येकाचे हसून आभार मानत होते, तेही चांगल्या उच्चारात. माझी पंधरा वर्षांची लेक माझ्यासोबत आली होती. ती फोटोकडे बराच वेळ बघून जर्मनमध्ये म्हणाली, त्यांना माहीत होतं का? मी तिला मराठीत म्हटलं, जा, तिकडे केक आहे.

मग ते आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेच पांढरं कापड, आणि हातात दुसऱ्या एका कापडात बांधलेलं गाठोडं. मला पाहून हसले आणि गाठोडं वर करून दाखवलं. तांदुळजा आणला होता, माझ्यासाठी. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले. भोवतीचे लोक ग्लास घेऊन जरा बाजूला झाले, फोटोतला माणूस तो हाच, हे कळून कौतुकाने पाहू लागले. कुणीतरी टाळी वाजवायलाही सुरुवात केली. मी जवळ गेले. त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "कॅमेरा बंद आहे का, असं मी विचारलं होतं ना?"

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"बंद आहे म्हणाले."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी गाठोडं सोडलं, भाजी वाइनच्या टेबलावर ठेवली, मोकळं झालेलं कापड झटकलं आणि हात उंच करून ते फोटोच्या चौकटीवर टाकलं. डोकं झाकलं गेलं, छातीपासून खालचं तेवढं दिसत राहिलं. मग ते दाराशी गेले आणि खुंटीवरून कोट काढू लागले.

अध्यक्षीणबाई लगबगीने माझ्याकडे आल्या. कुजबुजत म्हणाल्या, प्रसंग वाढायला नको, पत्रकार आलेत, तुझी त्यांची ओळख आहे, तूच ते काढ, जरा सफाईने. दारात ते कोटाची बटणं लावत होते. माझी लेक केकची बशी घेऊन उभी होती. मी पुढे झाले आणि ते कापड काढलं. ओढलं नाही, हलकेच, दोन बोटांनी. मातीचा आणि पाल्याचा वास येत होता त्याला. मी त्याची व्यवस्थित चौघडी घातली, टोकाला टोक जुळवून. दाराकडे पाहिलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, कुंपणाशी उभे राहून पाहिलं होतं तसेच. मी कापड त्यांना द्यायला गेले तोवर ते निघून गेले होते.

नंतर मी फोटो काढून टाका म्हणाले, खोटं बोलल्याचंही सांगितलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, कार्यकारिणीपुढे ठेवावं लागेल. कार्यकारिणी भरली तोवर प्रदर्शन संपलं होतं. बागेत दोनदा गेले. कुंपणाला कुलूप होतं, आणि दुसऱ्या खेपेला आत कुणीतरी वाफ्याला पाणी घालून गेल्याचं दिसत होतं, माती ओली होती.

रविवारी मी मिरजेला आत्याला फोन केला. ती आता सत्तरीकडे झुकली आहे, तिच्या चुलतभावाकडे राहते, केस आखूड ठेवते. तिला मी सगळं सांगितलं, का ते मला सांगता येणार नाही. बहुधा तिने मला रागवावं असं वाटत असेल, किंवा माफ करावं असं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिने भावजयीला गॅस बारीक करायला सांगितलं.

"त्यांनी नको म्हटलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि कापड तूच काढलंस."

"हो, आत्या."

मग पेढे वाटताना प्रत्येक दारात बोलली होती त्याच आवाजात, जराही न रागावता म्हणाली, "दादाचीच लेक गं तू."